अहो आई, तुमची बंदूक जड आहे

अहो आई,

काल तुमच्या नावाने आम्ही सगळ्यांनी बंदुका चालवल्या. हे वाक्य सांगलीत कुणाला ऐकवलं तर लोक आधी पोलिसांना आणि मग अनिरुद्धला फोन करतील, पण इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या आपल्या नेमबाजी क्लबात ही मानाची रीत आहे. सभासद गेला की त्याच्या नावाची एक गोल लाकडी तबकडी रंगवतात, प्रत्येक जण तिच्यावर एकच नेम धरतो, आणि मग ती क्लबाच्या भिंतीवर कायमची लागते. तुमचीही लागली. उलरिकेच्या नवऱ्याने तुमचं चित्र काढलंय, हिरवी साडी, वर स्वेटर आणि पायात पांढरे बूट. नाक जरा जास्त धारदार झालंय, पण बूट अगदी तुमचेच आहेत.

तुम्ही जाऊन अजून महिना झालेला नाही. अनिरुद्ध अस्थी घेऊन सांगलीला गेलाय, कृष्णेत सोडायला. मी इथेच थांबले. नवी नोकरी, त्यात प्रोबेत्साइट, म्हणजे पारखून घ्यायचे महिने चालू, एवढी लांब रजा मिळणं कठीण. शिवाय ही तबकडीची तारीख ठरलेली होती. सुनेने अस्थींबरोबर जायचं सोडून बंदुकीपाशी थांबावं, हे तुमच्या मिरजेच्या जाऊबाईंना अजिबात पटलेलं नाही आणि फोनवर त्यांनी तसं सुनावलंही. तुम्हाला पटलं असतं, म्हणून मी फार मनाला लावून घेतलं नाही.

पण मी हे लिहायला बसले ते आपलं भांडण अर्धवट राहिलं म्हणून. बंदूक हलकी हवी की जड. दीड वर्ष आपण दोघी त्यावर वाद घालत होतो, आणि काल कळलं की तुम्ही तो वाद कधीच मिटवून टाकला होता. मला न सांगता. हे काही बरं केलं नाहीत.

आठवतंय, सुरुवात कशी झाली? बाबा गेल्यावर अनिरुद्धने तुम्हाला इकडे आणलं आणि तुम्ही खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाठ करत होतात. पिवळा कधी जातो, तपकिरी कधी जातो, हे माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. एका रविवारी क्लबाचा खुला दिवस होता. मी निव्वळ केकसाठी गेले होते आणि तुम्हाला एकटीला घरी कसं ठेवायचं म्हणून बरोबर घेतलं. उलरिके, तिथली प्रशिक्षक, निवृत्त नर्स, तिने गंमत म्हणून तुमच्या हातात एअर रायफल दिली आणि एक लोखंडी स्टँड पुढे सरकवला. इथे तुमच्या वयाची बहुतेक मंडळी बंदूक त्यावर टेकवूनच नेम धरतात. त्यांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नाही.

"हे काय गं?" तुम्ही मला विचारलंत.

"टेकू," मी म्हटलं.

तुम्ही तो हाताने बाजूला केलात. "टेकू लावूनच नेम धरायचा तर मी घरी बसून चकल्या पाडते की."

कॉलेजात एन.सी.सी.मध्ये तुम्ही रायफल चालवायचात हे मला माहीत होतं. म्हणजे तुम्ही सांगितलं होतं, आणि सासूच्या जुन्या गोष्टी जेवढ्या कानांनी ऐकायच्या असतात तेवढ्याच कानांनी मी ती ऐकली होती. कागद परत आला तेव्हा सगळी भोकं काळ्या वर्तुळात होती. उलरिके कागदाकडे आणि तुमच्या साडीकडे आळीपाळीने बघत "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिली, आणि मी केकची बशी हातात धरून तुम्हाला पहिल्यांदाच नीट बघत होते.

त्या दिवसापासून तुम्हाला एकच गोष्ट हवी होती. हिवाळ्यातल्या लीगमध्ये क्लबातर्फे एक आख्खी मॅच, उभं राहून, टेकूशिवाय. एकदा. अडचण तुमच्या उजव्या खांद्याची होती. क्लबाची रायफल म्हणजे भरलेली बादली, आणि थोडे छर्रे झाले की तुमचा हात खाली यायचा. "टेकू घ्या ना आई," मी म्हणायचे. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. एका संध्याकाळी भाजी निवडताना मात्र म्हणालात, "तू कारखान्यात गाड्या हलक्या करतेस ना? मग एक बंदूक नाही होत तुझ्याच्याने?"

डिवचायचं कुणाला आणि कसं, हे तुम्हाला बरोबर कळायचं.

खरंच होतं ते. इथल्या मोठ्या गाडीच्या कारखान्यात माझं कामच ते होतं, दाराचा नाही तर सीटचा एखादा भाग घ्यायचा आणि त्याची ताकद न घालवता वजन उतरवायचं. क्लबाने एक जुनी रायफल आपल्याला दिली. नळीला आणि आतल्या यंत्राला हात लावायचा नाही, हे उलरिकेने पहिल्याच दिवशी बजावलं. कायदाही तेच सांगतो. पण खांद्यापासून नळीखालपर्यंतचा लाकडी दस्ता आपला होता. तुम्ही स्वयंपाकघरात झाडू खांद्याला लावून उभ्या राहायचात आणि मी तुमचं माप घ्यायचे. तुमच्या पंज्याचा ठसा मी कणकेत घेतला, कारण मातीचा साचा यायला वेळ होता आणि धीर आपल्या दोघींनाही नव्हता. त्या कणकेच्या नंतर पोळ्या करायला तुम्ही निघाला होतात, मी अडवलं. रविवारी तळघरात कानस चालवली की खालच्या फ्राऊ बाऊअर बेल वाजवायच्या, आणि तुम्हाला कधीच पटलं नाही की एका देशात आठवड्यातून एक आख्खा दिवस आवाज न करण्यासाठी राखून ठेवलेला असू शकतो. "मग खोबरं पण किसायचं नाही का?" तुम्ही विचारायचात. फ्राऊ बाऊअरना मी हे भाषांतर करून सांगितलं नाही.

पहिला दस्ता चांगला झाला. आतून पोकळ केलेलं लाकूड, वर कार्बनचं पातळ कवच. सरावात तुम्ही अर्धी मॅच उभ्या राहिलात आणि म्हणालात, "झकास आहे. बास कर आता."

मी कुठली बास करते!

"आई, अजून बरंच उतरेल."

"कशाला उतरवायचं? बंदूक हातात आहे हे हाताला कळायला नको? पुढून जरा जड असली की नळी थाऱ्यावर राहते."

"ते तुमच्या काळात. आता नवीन मटेरियल आहे."

"मटेरियल नवीन आहे गं, माझा हात जुनाच आहे."

तुमचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. वस्तू जितकी हलकी तितकी ती थरथरते, हे मी शाळेत शिकले होते आणि कारखान्यात रोज बघत होते. पण मला तुमचा खांदा दिसत होता. रात्री त्याला तेल लावताना तुम्ही ओठ कसे दाबून धरता, तेही दिसत होतं. म्हणून मी वाद सोडत नव्हते.

आणि मग त्या उन्हाळ्यात आमचा विभागच बंद झाला. हातात भरपाईचं पत्र, आभाराचं भाषण, आणि मी घरी. अनिरुद्ध समजूत घालायचा आणि मला त्याच्या समजुतीचा राग यायचा. तुम्ही नोकरीबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. सकाळी तो गेला, चहा झाला की पदर खोचून विचारायचात, "मग, आज काय करायचं गं बंदुकीचं?" आणि रोज तुमची एक नवी तक्रार तयार. आज गालाला टोचतंय. आज मूठ घामाने सटकतेय. आज खांद्याशी जरा लांब वाटतेय, काल आखूड होती. मी वैतागायचे. या बाईला कुणी समाधानी करू शकणार आहे का, असं अनिरुद्धला म्हणायचे. पण उठायचे, अंघोळ करायचे, तळघरात जायचे आणि ते टोचणं किंवा सटकणं दूर करायचे. दुसऱ्या दिवसासाठी तुमच्याकडे आणखी काहीतरी असायचंच.

दसऱ्याच्या सुमारास शेवटचा दस्ता झाला. पुढचा भाग पूर्ण पोकळ, वर एक सरकतं झाकण. इतका हलका की मी एका हाताने तो तुमच्यापुढे नाचवला. खंडेनवमीला तुम्ही रायफल पाटावर ठेवलीत, झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली शेवंती वाहिलीत, हळदकुंकू लावलंत. कार्बनवर कुंकू टिकत नाही, ते सांडून पाटावर आलं. मग आपण क्लबात गेलो आणि तुम्ही नेम धरलात, आणि नळीचं टोक पानासारखं हलायला लागलं. छर्रे कागदभर पसरले. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते. तुम्ही बंदूक खाली घेतलीत, दस्त्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "छान झालीय. सवय होईल मला."

आणि झालीही! दिवाळीनंतर तुमचा नेम असा बसायला लागला की उलरिकेने तुमचं नाव लीगच्या संघात घातलं. मी किती मिरवलं, आठवतंय ना? "बघितलंत? हलकी केली म्हणून!" गाडीत, जेवताना, फोनवर माझ्या आईला, सगळीकडे. तुम्ही मान डोलवायचात. "हो गं बाई, तुझंच खरं." इतक्या सहजासहजी तुम्ही हार मानल्यावर मला संशय यायला हवा होता. पण मी जिंकण्यात गुंग होते.

त्याच दिवाळीत देवघरातली अन्नपूर्णा सापडेना. तुमच्या लग्नात तुमच्या आईने दिलेली, पितळेची, मुठीत मावणारी. मी कपाटं उपसली, वॉशिंग मशीन सरकवलं, अनिरुद्धवर ओरडले. नोकरी गेलेली, त्यात घरातली अन्नपूर्णा गेलेली, आणि मी कितीही शिकलेली असले तरी मला तो अपशकुनच वाटला. तुम्ही सोफ्यावर बसून वाती वळत होतात. म्हणालात, "असेल गं कुठेतरी. तुला उपाशी तर नाही ना ठेवलं तिने?"

मला ते लागलं. नवऱ्याच्या पगारावर जेवतेस, तक्रार कसली करतेस, असं ऐकू आलं मला त्यात. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही मुगाची खिचडी केलीत, माझ्या आवडीचा पापड भाजलात, आणि तरीही खुलासा केला नाहीत. तुमच्यासारखी बाई, जी भाजीवाल्याशी चार शब्दांच्या जर्मनमध्ये वाद घालायची, ती गप्प बसली. मी ते गप्प बसणं चुकीचं वाचलं.

जानेवारीत तुमची मॅच झाली. तोवर मला ही नोकरी लागली होती. शेजारच्या गावातली छोटी कंपनी, कृत्रिम पाय आणि हलक्या व्हीलचेअर बनवणारी. मुलाखतीत त्यांनी तो खास इथला प्रश्न विचारलाच, मधले महिने रिकामे का? मी फोनमधले दस्त्याचे फोटो दाखवले. सासूसाठी बंदूक केली, म्हटलं. समोरचे तिघे आधी घाबरले आणि मग प्रश्नांवर प्रश्न विचारत बसले. बायोडेटातली ती फट तुमच्या बंदुकीने भरली. घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही साखर हातावर ठेवलीत आणि फक्त म्हणालात, "चला, सुटले मी."

त्या मॅचला तुम्ही उभ्या राहिलात. सगळी मॅच, टेकूशिवाय. शेवटी शेवटी तुमचा खांदा थरथरायला लागला, पण नळी नाही, आणि मला वाटलं काय कमाल काम केलंय मी. तुमचा नंबर शेवटून दुसरा आला. क्लबाची सगळी मंडळी टाळ्या वाजवत उठली आणि तुम्ही नमस्कार केलात, एखाद्या समारंभात सत्कार झाल्यासारखा. बॅग मात्र तुम्ही कुणाला उचलू दिली नाहीत. कधीच द्यायचा नाहीत. गाडीत मी विचारलं, "जड लागली का हो आई?" दर वेळी विचारायचे तसं.

"छे गं. पीस आहे नुसतं."

मग फेब्रुवारीत तुमच्या हृदयाने दगा दिला. दवाखान्यात मी तुम्हाला सांगत होते की पुढच्या मोसमात टायटॅनियमचे स्क्रू लावते, आणखी हलकी होईल. तुम्ही डोळे मिटूनच हसलात. "पुरे गं आता. तुला आता वेळ तरी कुठाय?" आपलं शेवटचं बोलणं हे असं स्क्रूंवर झालं. काहीतरी चांगलं बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही इथे आल्यापासून घर भरल्यासारखं वाटायचं, एवढं तरी सांगायला हवं होतं. तुम्हाला ते माहीत असेल असं धरून चालले. आता दिवसातून दहा वेळा वाटतं की धरून चालायला नको होतं.

काल तुमच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली मी पहिल्यांदा वापरली. रायफल उचलली आणि जड वाटली. म्हटलं, माझ्याच हातात बळ नाही, आठ दिवस धड जेवले कुठे? क्लबात पोचल्यावर मात्र राहवलं नाही. त्या दस्त्याचा कण न् कण मी तोललेला आहे. मी ती तपासणीच्या काट्यावर ठेवली. काटा खोटं बोलत नव्हता, ती खरंच जड झाली होती. मी उलरिकेकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती.

"उलरिके?"

"झाकण उघड," ती म्हणाली.

मी पुढचं झाकण सरकवलं. आत खणाचा एक लाल तुकडा घट्ट बसवलेला. आणि त्यात गुंडाळलेली अन्नपूर्णा. मांडीवर पळी घेऊन बसलेली, तशीच शांत.

मी तिथेच जमिनीवर बसले. आधी हसले, मग रडायला लागले, आणि उलरिके माझ्या शेजारी गुडघ्यांना हात लावत खाली बसली. तिने सांगितलं, दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही तिच्याकडे आलात, पिशवीतून देवी काढलीत आणि नळीखाली धरून दाखवलीत, इथे एवढं वजन हवं. तिने तुमचं नाव तिच्या जर्मन उच्चारात घेऊन विचारलं, म्हणे, "सूमान, सुनेला सांग ना, ती दोन मिनिटांत बसवून देईल." तर तुम्ही जोराजोरात मान हलवलीत आणि तुमच्या त्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणालात, "श्वीगरटोख्टर ब्राउख्ट आर्बाइट." सुनेला काम हवंय.

तीन शब्द. तेवढंच तुम्हाला येत होतं आणि तेवढंच पुरेसं होतं.

म्हणजे ते टोचणं, सटकणं, आखूड, लांब. त्यातलं किती खरं होतं हो? पहिलाच दस्ता तुम्हाला पुरत होता ना? मी इतके महिने समजत होते की मी तुमच्यासाठी बंदूक करतेय. आणि तुम्ही रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवून विचार करत होतात की आज हिला तळघरात न्यायला काय निमित्त काढावं. अहो, राग येतोय मला तुमचा. आणि त्या रागासकट तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतंय, तर ते पाय तरी कुठे आहेत आता?

माझी पाळी आली तेव्हा उलरिकेने सवयीने तो लोखंडी स्टँड पुढे सरकवला. मी नवशिकी, माझ्यासाठी त्यात काहीच चूक नव्हतं. मी तो हाताने बाजूला केला. अन्नपूर्णेला खणात गुंडाळून पुन्हा जागेवर बसवलं, झाकण लावलं, रायफल खांद्याला लावली. तुमची मूठ माझ्या हाताला जरा लहान होते, कणकेतली ती तुमची बोटं. पण पुढचं टोक थाऱ्यावर होतं. मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

नेम काही मधोमध लागला नाही. तुमच्या हिरव्या साडीच्या पदराला एक भोक पडलंय, तेवढं माफ करा. मधोमध लागलेला नेम उलरिकेचा, म्हणून रीतीप्रमाणे तिचं नाव तबकडीवर लिहिलं गेलं.

अन्नपूर्णा मी देवघरात परत ठेवलेली नाही. अनिरुद्ध आला की त्याला सांगेन, सापडली, आणि तिच्या जागेवर आहे. रायफल कपाटात ठेवायला उचलली तेव्हा घरात कुणी नव्हतं, तरी मला वाटलं की आज तुम्ही विचारताय, दर वेळी मी विचारायचे ते.

हो आई, जड लागतेय. एवढीच हवी होती.